रुग्ण मध्यभागी, म्हणजे नेमका कुठे?

सरकारी आरोग्य खात्याच्या कागदांत अलीकडे एक शब्द सारखा दिसतो : 'रुग्णकेंद्रित सेवा'. तो प्रशिक्षणात शिकवला जातो, तपासणीला आलेलं पथक त्याचे गुण देतं, दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्यांतही तो डोकावतो. शब्द जड आहे, अर्थ मात्र शेतकऱ्याला चटकन कळण्यासारखा आहे. पूर्वी बैलांनी मळणी करायचे तेव्हा खळ्याच्या मधोमध खांब रोवलेला असे आणि बैल त्याच्याभोवती फिरत. दवाखान्याच्या खळ्यात मधला खांब रुग्ण असावा. डॉक्टर, सिस्टर, औषध, तपासणी, गाडी हे सगळं त्याच्याभोवती फिरावं, एवढंच या शब्दाचं म्हणणं आहे.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं, हे पालघर जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. खांब असतो केसपेपरची खिडकी आणि बैल असतो रुग्ण. आधी केसपेपर, मग डॉक्टर, मग रक्त तपासायला, मग रिपोर्ट दाखवायला, मग गोळ्यांच्या खिडकीवर. तोवर दुपार होते, एसटी निघून जाते, बुडालेली मजुरी वेगळीच. तेव्हा प्रश्न असा, की जी माणसं दवाखान्यात राबतात ती सिस्टर, वॉर्डबॉय, आया, औषधवाला, डॉक्टर या शब्दाचा अर्थ काय समजतात? कारण पाटीवर काहीही लिहिलं, तरी रुग्णाच्या वाट्याला येतं ते त्यांनी समजून घेतलेलंच.

शब्द आला कुठून?

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमध्ये एनिड बॅलिंट यांनी १९६९ साली 'रुग्णकेंद्रित वैद्यक' हा शब्द वापरला. त्यांचं म्हणणं साधं होतं : डॉक्टरने आजार तर बघावाच, पण आजारी माणूसही बघावा. पुढे २००१ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने चांगल्या आरोग्यसेवेच्या सहा कसोट्या सांगितल्या, त्यात ही एक होती. २०१६ साली जागतिक आरोग्य परिषदेने लोककेंद्रित आरोग्यसेवेचा आराखडा स्वीकारला.

आपल्या राज्यातही कागदावर बरंच आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा ताई आल्या आणि रुग्ण कल्याण समित्या झाल्या. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू झाला, त्यात बाळंतपणाच्या खोलीत बाईशी सन्मानाने वागावं आणि तिच्याजवळ तिची सोबतीण असू द्यावी असं सांगितलं आहे. २०२१ साली राज्याने खाजगी नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. म्हणजे कायदे-नियमांची बाजू पुष्कळ भरलेली आहे. अडलं आहे ते समजण्यात आणि अंमलात.

तीन समज, तिन्ही अर्धे

दवाखान्यात काम करणाऱ्यांशी या विषयावर बोलायला बसलं की साधारण तीन प्रकारचा समज दिसतो.

पहिला समज : रुग्णकेंद्रित म्हणजे गोड बोलणं. 'आजी, हळू उठा', 'दादा, बसून घ्या' असं म्हणणारी सिस्टर चांगली, खेकसणारी वाईट. यात खोटं काही नाही. ज्या बाईला बाळंतपणाच्या खोलीत बोलणी खावी लागली, ती पुढच्या खेपेला घरीच बाळंत होते आणि आपल्या जावेलाही दवाखान्यात जाऊ नको म्हणून सांगते. पण गोड बोलणं हे दार आहे, घर नव्हे. 'बाई, काही काळजी करू नका' असं म्हणून पोटात काय गाठ आहे ते न सांगताच मुंबईला पाठवलं, तर बोलणं गोड झालं आणि बाई मात्र अंधारातच राहिली.

दुसरा समज : रुग्णकेंद्रित म्हणजे सगळे फॉर्म भरणं. पाटी लावली, तक्रार पेटी टांगली, सही घेतली, रजिस्टर पूर्ण केलं की काम झालं. पथक येतं, गुण देतं, जातं. तक्रार पेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिसरा समज : रुग्ण मागेल ते देणं. हा समज जितका दवाखान्यात आहे तितकाच आपल्यातही आहे. ताप आला की सुई पाहिजे, अंगात कणकण असली की सलाईन पाहिजे. बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराची उद्या सकाळची पाळी असते, त्याला आजच्या आज उभं राहायचं असतं. डॉक्टर सुई देतो, माणूस खूष, डॉक्टरही मोकळा. पण साध्या सर्दी-तापाला सुईची गरज नाही हे समजावून सांगायला जी पाच मिनिटं लागली असती, ती वाचवण्यासाठीच ही सुई असते. मागेल ते देणारा डॉक्टर रुग्णाचं ऐकतो असं वाटतं खरं, पण त्या माणसाला काय होतंय ते त्याने विचारलेलंच नसतं.

ऐकणं ही गोष्ट डॉक्टरला किती जड जाते याचा एक जुना पुरावा आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी तपासल्या. रुग्ण आपलं दुखणं सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतो, असं त्यांना आढळलं. चारातल्या एकालासुद्धा आपलं म्हणणं पुरतं सांगता आलं नव्हतं. ही गोष्ट अमेरिकेतली, जिथे डॉक्टर आणि रुग्ण बहुधा एकच भाषा बोलतात. आपल्याकडे तर तेही नाही.

जिल्हा एक, भाषा अनेक

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या आठ तालुक्यांची लोकसंख्या सुमारे ३० लाख, त्यात सुमारे ३७ टक्के आदिवासी. जिल्हा झाला, पण जिल्हा रुग्णालयाची इमारत वर्षानुवर्षे बांधकामातच राहिली. गुंतागुंतीचा रुग्ण म्हटला की ठाणे, मुंबई, नाशिक, नाहीतर शेजारच्या सिल्वासाचा रस्ता धरायचा, ही आपली सवय होऊन बसली.

याच जिल्ह्यात तीन वेगळी जगं आहेत. सातपाटी, मुरबे, दांडी, चिंचणी, डहाणूकडची किनारपट्टी. बोईसर-तारापूरचा कारखान्यांचा पट्टा. आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे डोंगर. वारली, कोकणा, काथोडी, मल्हार कोळी या समाजांची बोली वेगळी. दुखणं सांगायचे त्यांचे शब्द वेगळे. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या डॉक्टरला प्रमाण मराठीतून उत्तर हवं असतं. समोरची म्हातारी गप्प राहते आणि केसपेपरवर 'विशेष तक्रार नाही' असं लिहिलं जातं. अशा वेळी खरी दुभाषी असते ती पाड्यावरची आशा ताई, नाहीतर त्याच भागातली सफाई कामगार. तिला कुणी पगारात त्याचे पैसे देत नाही, पण तिच्याशिवाय निदान अडतं.

बोईसर-तारापूरची तऱ्हा आणखी वेगळी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ सालापासून चालतं आहे, आणि औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंडमधून आलेले हजारो हात राबतात. कारखान्यात कामगाराला भाजलं, अंगावर रसायन उडालं, हात यंत्रात सापडला, तर दवाखान्यात त्याच्याबरोबर बायको किंवा भाऊ नसतो. येतो तो ठेकेदाराचा माणूस. डॉक्टर विचारतो, 'कसं झालं?' उत्तर ठेकेदाराचा माणूस देतो. डॉक्टर विचारतो, 'कोणतं रसायन होतं?' उत्तर पुन्हा तोच देतो, कधी कधी देतही नाही. कामगार शुद्धीवर असून मुका असतो.

इथे सिस्टरला काय कळलं आहे त्याची परीक्षा होते. ज्या सिस्टरला रुग्णकेंद्रित म्हणजे काय ते उमगलं आहे, ती ठेकेदाराच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर उभं करते आणि कामगाराला हिंदीत विचारते, 'भैया, आप बताओ, क्या हुआ?' कारण ते उत्तर उपचारालाही लागतं आणि पुढे नुकसानभरपाईलाही लागतं. बाटलीवरचं रसायनाचं नाव खरं कळलं तर उतारा लवकर सुरू होतो. म्हणजे रुग्णाला मध्यभागी ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे.

अंगठा कशावर घेतला?

दवाखान्यात सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे सही घेणं. 'इथे सही करा', 'इथे अंगठा द्या', झालं. कशावर घेतला ते विचारायची सोय नसते, कारण सिस्टर घाईत असते आणि आपणही घाबरलेले असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात याबाबत स्पष्ट निकाल दिला आहे. आजार काय, उपचार कोणता, त्यात धोका काय, दुसरा मार्ग आहे का, उपचार नाकारला तर काय होईल, एवढं रुग्णाला कळेल असं सांगितल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनसाठी चालत नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. आणि शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिचीच. नवऱ्याची किंवा सासूची नव्हे.

कर्मचाऱ्यांना मात्र हा कागद म्हणजे आपल्या बचावाची ढाल वाटतो. उद्या काही झालं तर आपल्यावर येऊ नये, म्हणून सही. त्यांची भीती खोटी नाही. पण रुग्णाला समजलं आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. समजावून झाल्यावर सिस्टरने विचारायचं, 'मावशी, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार?' मावशीने बरोबर सांगितलं तर समजलं. चुकलं तर आपलं सांगणं कमी पडलं, पुन्हा सांगायचं. याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही.

घरी गेल्यावर काय?

रुग्ण दवाखान्यात चार दिवस असतो आणि घरी वर्षभर. म्हणून त्याच्या घरचं, शेताचं, मजुरीचं वेळापत्रक ज्याला कळलं त्यालाच उपचार कळला.

क्षयाचंच बघा. औषध किमान सहा महिने चुकवायचं नाही. आपल्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं भातकापणी आटोपली की, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कधी गुजरात. दवाखान्याच्या रजिस्टरात नोंद होते, 'रुग्णाने औषध सोडले'. रुग्णाने औषध सोडलं नाही, तो पोटामागे गेला. आधीच विचारलं असतं, 'दादा, यंदा भट्टीवर कुठे जाणार?' तर औषध तिथल्या दवाखान्यातून चालू ठेवता आलं असतं. क्षयाच्या औषधांना आज देशभर एकच नोंद चालते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी मिळणारी रक्कम महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे. सोय आहे, प्रश्न विचारला गेला पाहिजे.

सिकलसेलचंही तसंच. आपल्या आदिवासी भागात हा आजार आहे. अशा रुग्णाला हाडं फुटल्यासारख्या वेदना अचानक उठतात, बाहेरून मात्र काही दिसत नाही. नव्या कर्मचाऱ्याला वाटतं पोरगं नाटक करतंय. त्या मुलाला मागच्या खेपेला कशाने आराम पडला होता हे त्याची आई डॉक्टरपेक्षा चांगलं सांगते. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिला विचारणं हा डॉक्टरचा कमीपणा नाही.

सरकारी योजनांतही काही योजना अगदी या धाटणीच्या आहेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, आणि १९९५ साली नवसंजीवन योजना आली. आदिवासी भागात आजारी किंवा कुपोषित मूल दाखल केलं तर त्याच्या पालकाला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची त्यातली सोय ही खरी रुग्णकेंद्रित सेवा. आई दवाखान्यातून मूल उचलून का पळते, याचं उत्तर कुणीतरी तिला विचारून शोधलं म्हणून ती झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळचं 'माहेरघर'ही तसंच. दिवस भरत आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधी येऊन राहावं, रात्री-अपरात्री नदी-नाला ओलांडायची पाळी येऊ नये. जिथे ते रिकामं राहतं, तिथे बाईला दोष देण्याआधी विचारावं : घरी लहान पोरं कोण सांभाळणार? लावणीच्या दिवसांत तिच्या जागी चिखलात कोण उभं राहणार?

रेफर झाला, म्हणजे सुटला का?

आपल्या जिल्ह्यात या सगळ्याची खरी कसोटी लागते ती रुग्ण पुढे पाठवताना. केसपेपरवर 'रेफर' लिहिलं की तो रुग्ण आपला राहिला नाही, असा एक समज कर्मचाऱ्यांत मुरला आहे. त्याची किंमत जीवाने मोजली जाते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यात एका बाईची जुळी बाळं घरीच अकाली जन्मून दगावली. रस्ता नसल्याने तिला कापडाच्या डोलीतून सुमारे तीन किलोमीटर आणावं लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातली एक गरोदर महिला कासा रुग्णालयातून सिल्वासाला नेताना वाटेतच गेली. सगळी सामग्री असलेली ॲम्ब्युलन्स वेळेवर मिळाली नव्हती. जून २०२५ मध्ये मोखाड्याच्याच एका बापाने नाशिकहून आपलं मृत अर्भक पिशवीत घालून एसटीने गावी आणलं, परतीला ॲम्ब्युलन्स मिळाली नाही, असं कुटुंबाने सांगितल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं.

या तिन्ही गोष्टींत एकेका कर्मचाऱ्याने आपापलं काम केलंही असेल. पण बाईच्या बाजूने पाहिलं तर तो एकच प्रवास होता : पाडा, उपकेंद्र, आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मोठं रुग्णालय आणि परत घर. प्रत्येक ठिकाणी तिची पहिल्यापासून सुरुवात झाली. रुग्ण मध्यभागी असला तर प्रवासाचं ओझं दवाखान्याने उचलायचं. गाडीत प्राणवायू आहे का ते पाठवण्याआधी बघायचं. पुढच्या रुग्णालयात फोन करून कोण येतंय, काय झालंय ते सांगायचं. कागद नीट लिहून द्यायचा. नातेवाइकाला कुठे, कशासाठी चाललोय ते समजावायचं. आणि परतीचं बघायचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरून आणणं, एका रुग्णालयातून दुसरीकडे नेणं आणि परत घरी सोडणं, हे तिन्ही मोफत आहे. परतीचा प्रवास हा मेहेरबानीचा विषय नाही.

कोसबाडने हे आधीच शिकवलं

हे सगळं परदेशातून शिकायला पाहिजे असंही नाही. आपल्याच डहाणू तालुक्यातलं उदाहरण घ्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ शेवटपर्यंत त्यात राबल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. ताराबाई-अनुताईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच गुरांमागे कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणाले. शाळेचं वेळापत्रक मुलाच्या दिवसाप्रमाणे बेतलं. शिक्षणात जे कोसबाडला झालं, तेच आरोग्यात करायचं म्हणजे रुग्णकेंद्रित सेवा.

आरोग्यात ते करून दाखवणारं ठिकाणही आपल्याच राज्यात आहे, दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून तिथे काम करतात. आदिवासी मोठ्या दवाखान्याला घाबरतात हे पाहून त्यांनी लोकांनाच विचारलं, की तुमचा दवाखाना कसा असावा? लोकांच्या सांगण्यावरून शोधग्रामचं रुग्णालय आदिवासी गावासारखं, झोपड्यांचं बांधलं. रुग्णाबरोबर घरच्यांना राहता येईल असं. नावही लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. इमारत उभी करण्याआधी विचारलेला एक प्रश्न केवढं काम करतो, ते इथे दिसतं.

सिस्टरचीही बाजू ऐका

आता दुसरी बाजू. आदिवासी भागात नियमाने २० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजाराला एक उपकेंद्र. कागदावर मंजूर असलेली माणसं प्रत्यक्षात जागेवर नसली की राहिलेल्यांवर भार पडतो. रात्रपाळीला एकटी सिस्टर. एकीकडे बाळंतपण अडलेलं, दुसरीकडे सर्पदंशाचा रुग्ण दारात, शिवाय सकाळी ऑनलाइन माहिती भरायचीच. अनेकजणी कंत्राटावर, पगाराचा भरवसा नाही, राहायला धड खोली नाही. तिला 'प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला' म्हणणं सोपं आहे.

लंडनच्या रुग्णालयांतल्या परिचारिकांची पाहणी करून २००५ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. रुग्णाला मध्यभागी ठेवायला काय आडवं येतं, तर वेळ, साधनं आणि प्रशिक्षण यांची कमतरता, असं त्यात निघालं. लंडनला ही गत, तर मोखाड्याला काय असेल? परिचारिकांना करायचं नसतं असं नाही; करायला हात रिकामे नसतात.

आणि आपणही काही कमी नाही. रुग्ण दगावला की काचा फुटतात, डॉक्टरच्या अंगावर माणसं धावून जातात. २०१० सालापासून राज्यात याविरुद्ध कायदा आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की घाबरलेला डॉक्टर धोका पत्करत नाही, तो सरळ रेफर लिहितो. मग तीच गाडी, तोच रस्ता, तोच सिल्वासाचा प्रवास. गरज सरो, वैद्य मरो, ही वृत्ती सोडली नाही तर वैद्यही गावात टिकणार नाही.

गावाने काय करावं?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, सदस्य यांच्या हातात पुष्कळ आहे.

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के थेट निधी मिळतो, आणि आरोग्य हा त्याच्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. पावसाळ्याआधी ठरवावं : कोणत्या पाड्याला गाडी पोहोचत नाही, कोणत्या बाईचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरतात, रात्री कुणाची जीप तयार राहील. ही यादी आशा ताईकडे असतेच, ग्रामसभेने ती मागून घ्यावी.

रुग्ण कल्याण समितीची बैठक केवळ बिलं मंजूर करायला नसते. तिथे एकच प्रश्न दर खेपेला विचारावा : मागच्या तीन महिन्यांत किती रुग्ण पुढे पाठवले, त्यांचं पुढे काय झालं आणि ते घरी कसे आले? उत्तर नसेल तर तो दवाखाना रुग्णाला दारापर्यंतच ओळखतो असं समजावं.

जनसुनवाई आपल्याला नवी नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख २००७ साली राज्यात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात तेव्हाचा आपला ठाणे जिल्हा होता. लोकांनी उभं राहून सांगायचं आणि अधिकाऱ्यांनी तिथेच उत्तर द्यायचं, हा त्याचा गाभा. तक्रारीबरोबर चांगल्या सिस्टरचं नावही तिथे घ्यावं. ज्या सिस्टरने रात्री दोनला पाणी तापवून दिलं, तिचं कौतुक ग्रामसभेच्या ठरावात आलं तर तिच्या सेवेच्या नोंदीलाही वजन येतं.

आणि रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी पाच गोष्टी विचारल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नये : मला झालंय काय? हे औषध किती दिवस, कसं घ्यायचं? काय झालं तर लगेच परत यायचं? पुन्हा कधी यायचं, आणि त्या दिवशी डॉक्टर असतील का? माझे कागद कुठे? विचारायला लाजू नये. सिस्टर वैतागली तरी हळूच पुन्हा विचारावं. तातडीला १०८, बाळंतिणीसाठी १०२, आणि चौकशी-तक्रारीसाठी १०४, हे तीन नंबर घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवावेत.

शेतात पीक पिवळं पडलं तर शहाणा शेतकरी दुकानदार देईल ती बाटली आणून फवारत नाही. आधी रोप उपटून मुळं बघतो, मातीत हात घालतो, पाणी किती दिलं ते आठवतो. माणसाच्या आजाराला तेवढंच बघणं हवं : तो कुठे राहतो, काय खातो, कुणाच्या भरवशावर आहे, परत जाणार कसा. आपल्या दवाखान्यांत असं बघणारी माणसं आजही आहेत, बहुधा सगळ्यात कमी पगाराच्या जागेवर. त्यांचं बघणं डॉक्टरच्या केसपेपरवर उतरलं आणि गावाने त्यांच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं, की रुग्ण खळ्याभोवती फिरायचा थांबेल.